वाचक विचारतात : स्वस्त हेडफोन, त्यांची कुशन आणि आपले कान

मागील अंकात मी वाचकांना विनंती केली होती, की पाच हजार रुपयांच्या आतले आणि मागची बाजू पूर्ण बंद असलेले, म्हणजे दुकानात ज्यांना क्लोज्ड-बॅक म्हणतात ते हेडफोन आपण वापरत असाल, तर त्यांचा बरावाईट अनुभव आणि त्यातून पडलेला प्रश्न लिहून पाठवावा. नाशिक शहरातून आणि आसपासच्या गावांतून इतकी पत्रे आली, की सगळ्यांना या अंकात जागा देणे शक्य झाले नाही. ज्या पत्रातला प्रश्न इतरांच्याही पत्रांत वेगळ्या शब्दांत आला आहे, तीच येथे घेतली आहेत. मी गेली वीस वर्षे नाशिकमध्ये ध्वनिमुद्रणाचे आणि हेडफोन-स्पीकर दुरुस्तीचे काम करतो आणि माझ्या टेबलावर येणारे बहुतेक हेडफोन याच किमतीचे असतात. घरात एकच चांगली वस्तू घ्यायची म्हणून महिनाभर विचार करून घेतलेला हा हेडफोन असतो. तो नीट चालावा, ही माझी मनापासूनची इच्छा आहे. ज्या पत्रांत तक्रार आहे, त्यांतली कंपनीची नावे मी गाळली आहेत, कारण एका नगावरून कंपनीची पारख करणे योग्य नव्हे.

प्रश्न : मी आणि माझ्या धाकट्या भावाने एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच मॉडेलचे दोन हेडफोन घेतले. भावाला त्यात तबला भरदार ऐकू येतो. मला मात्र तोच तबला पत्र्याच्या डब्यावर वाजवल्यासारखा वाटतो. दुकानदाराने माझा नग बदलून दिला, तरी फरक पडला नाही. मला दोन्ही वेळा सदोष नग मिळाला, असे समजावे का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नग सदोष नव्हता. पत्र वाचल्यावर मला एक शंका आली, म्हणून मी आपल्याला दूरध्वनी केला आणि एकच गोष्ट विचारली : चष्मा कोणाला आहे? आपल्याला आहे, तोही जाड प्लास्टिकच्या काड्यांचा, भावाला नाही. मी आपल्याला चष्मा काढून, हेडफोन पुन्हा घालून तेच गाणे लावायला सांगितले. थोड्या वेळाने आपण फोनवर आलात आणि म्हणालात, ‘‘अहो, डग्गा आला!’’

याचे कारण जरा सविस्तर सांगतो, कारण ‘बेस येत नाही’, ‘आवाज पातळ आहे’, ‘एका कानात कमी ऐकू येते’ अशी जी पत्रे आली आहेत, त्यांतल्या कित्येकांचे उत्तर त्यात आहे. हेडफोनमधला पडदा पुढेमागे हलून हवा ढकलतो. मागची बाजू बंद असलेल्या हेडफोनमध्ये कप, त्यावरचे कुशन आणि आपल्या कानाभोवतीची कातडी मिळून हवेची एक लहानशी कोंडलेली खोली तयार होते, आणि खर्जाचा, म्हणजे बेसचा, आवाज त्या कोंडलेल्या हवेच्या दाबावरच उभा असतो. डग्ग्याच्या घुमाऱ्यासाठी पडदा सेकंदाला शंभरेक वेळा हलतो. तेवढ्या संथ हालचालीत कोंडलेल्या हवेला फटीतून निसटायला भरपूर अवसर मिळतो आणि दाब तयारच होत नाही. चाटीवरच्या ‘ता’चा किंवा मंजिरीचा आवाज सेकंदाला हजारो कंपनांचा असतो, तेथे हवेला निसटायला वेळच मिळत नाही, म्हणून तो जसाच्या तसा ऐकू येतो. चष्म्याची काडी कुशन उचलून धरते आणि काडीच्या वर व खाली मिलिमीटरभर फट राहते. तेवढ्याने खर्ज निघून जातो, वरचे स्वर मात्र राहतात, आणि तबला पत्र्याचा वाटू लागतो. केसांचा जाड थर, कानातली मोठी डूल, टोपीची किंवा ओढणीची कड यांनीही हेच होते.

परीक्षा घरीच करता येते. ज्यात खर्ज भरपूर आहे असे गाणे लावावे आणि दोन्ही कपांवर तळहात ठेवून अगदी हलकेच दाबावे. दाबल्याबरोबर खर्ज वाढला, तर हेडफोन चांगला आहे, तो फक्त नीट बसत नाही. काहीच बदलले नाही, तर तो हेडफोन मुळातच तसा आहे, असे समजावे.

आपल्यासाठी उपाय सांगायचा, तर घरात ऐकताना बारीक धातूच्या काडीचा जुना चष्मा वापरून पाहावा. त्यानेही भागले नाही, तर त्याच मापाचे पण अधिक जाड आणि मऊ फोमचे कुशन बसवून घ्यावे. मऊ फोम काडीभोवती स्वतःला जुळवून घेतो. मोबाइलमधल्या इक्वलायझरने खर्ज वाढवण्याचा मोह बहुतेकांना होतो. थोडा वाढवण्यास हरकत नाही, परंतु फट तशीच ठेवून खर्ज खूप चढवला, तर लहान पडद्यावर नाहक ताण येतो आणि आवाज फाटू लागतो.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी मुलीसाठी घेतलेला हेडफोन ती शिकायला बाहेरगावी गेल्यामुळे कपाटात तसाच राहिला. परवा काढून पाहिला, तर कुशनचे काळे पापुद्रे हाताला लागले आणि घातल्यावर कानाला, मानेला चिकटले. न वापरता वस्तू खराब कशी झाली? फसवणूक झाली असे वाटते.
— एक गृहिणी, सिडको

उत्तर : ताई, आपला राग मी समजू शकतो, पण न वापरता ठेवला हेच या खराबीचे एक कारण आहे. चामड्यासारखे दिसणारे ते आवरण चामडे नसते. कापडावर चढवलेला तो पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतली आर्द्रता त्या थरातले रासायनिक बंध हळूहळू तोडते, थर आधी चिकट होतो, मग त्याला चिरा पडतात आणि शेवटी त्याचे पापुद्रे निघतात. जून ते सप्टेंबर आपल्याकडे बंद कपाटात जी ओलसर हवा कोंडते, ती या थराला उन्हाळ्यातल्या घामाइतकीच घातक आहे. वापरातल्या हेडफोनचे नुकसान घाम आणि केसांचे तेल यांमुळे होते, ठेवलेल्याचे कोंदट हवेमुळे. महागड्या हेडफोनचेही कुशन याच पदार्थाचे असेल, तर काही वर्षांनी त्याची हीच गत होते. ही झिजणारी वस्तू आहे, चपलेच्या अंगठ्यासारखी.

आपला हेडफोन टाकून देऊ नका. दोन्ही पडदे वाजत असतील, तर केवळ कुशन बदलून तो पुन्हा नव्यासारखा होतो, आणि पापुद्रे निघालेल्या कुशनमधून हवा निसटत असल्यामुळे जो खर्ज गेला असेल, तोही परत येतो. नवे कुशन मागवताना ‘मोठ्या हेडफोनचे द्या’ असे सांगून चालत नाही. जुने कुशन काढून त्याची बाहेरची लांबी आणि रुंदी पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजावी, आतल्या भोकाचे माप घ्यावे, आणि ते कपावर कसे बसते ते पाहावे. काहींच्या मागे रबरी ओठासारखी पातळ कड असते आणि ती कपाच्या खाचेत सरकवायची असते. काहींना प्लास्टिकची कडी असते आणि ती चार ठिकाणी टक असा आवाज करून बसते. काही नुसती चिकटवलेली असतात. ओठाची कड बसवताना खालच्या बाजूने सुरुवात करावी आणि जुने एटीएम कार्ड खाचेतून गोल फिरवत कड आत ढकलत जावी. नखाने ओढले, तर ती फाटते. मखमली कापडाचे कुशन कानाला गार वाटते आणि त्याचे पापुद्रे निघत नाहीत, हे खरे. परंतु त्यातून हवा निसटते, त्यामुळे खर्ज कमी होतो आणि बाहेरचा आवाज अधिक आत येतो. ज्यांना रात्री शांत खोलीत दोन-दोन तास ऐकायचे आहे, त्यांनी मखमली घ्यावे. ज्यांनी बंद हेडफोन बंदपणासाठीच घेतला आहे, त्यांनी घेऊ नये.

पुसायला कोरडे सुती कापड पुरे. सॅनिटायझर किंवा स्पिरिट लावल्याने हा थर लवकर कोरडा पडून तडकतो, आणि हे मी टेबलावर अनेकदा पाहिले आहे. पावसाळ्यात ठेवायचाच झाला, तर सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि आठवड्यातून एकदा काढून वापरावा.

प्रश्न : मी शास्त्रीय गायन शिकते. मोबाइलवर तानपुरा लावून, दुसऱ्या मोबाइलवर माझा रियाज रेकॉर्ड करते. ब्लूटूथ हेडफोनवर स्वतःचा आवाज ऐकत गायला गेले, की ताल सुटतो. आणि वायरचा बंद हेडफोन घातला, तर माझा आवाज डोक्यात घुमतो व सूर लागत नाही. गुरुजी म्हणतात, हेडफोनच नको. तुमचे मत काय?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : दोन्ही अडचणी खऱ्या आहेत आणि दोन्हींची कारणे निराळी आहेत. ब्लूटूथमध्ये आवाज आधी आकड्यांत बदलून दाबला जातो, मग हवेतून पाठवला जातो आणि हेडफोनमध्ये पुन्हा उलगडला जातो. आवाज दाबण्याच्या नेहमीच्या, एसबीसी नावाच्या पद्धतीत यात सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर चालतो, त्या हिशेबाने सेकंदाचा पाचवा हिस्सा म्हणजे जवळजवळ ७० मीटरचे अंतर झाले. नदीच्या एका काठावर तुम्ही गात आहात आणि तुमचा आवाज पलीकडच्या ७० मीटरवरच्या स्पीकरमधून परत येतो आहे, अशी कल्पना करा. त्यावर कोणालाही ताल धरता येणार नाही. नुसता तानपुरा ऐकायचा असेल, तर हा उशीर त्रास देत नाही, कारण तानपुऱ्याला मात्रा नसते. तबल्याच्या ठेक्याबरोबर रेकॉर्ड करताना आणि स्वतःचा आवाज ऐकताना मात्र वायरच हवी.

आवाज डोक्यात घुमण्याचे कारण असे, की गाताना आपला आवाज हवेतून कानात जातो, तसाच जबड्याच्या आणि कवटीच्या हाडांतूनही जातो. कान मोकळा असताना हाडांतून आलेला खर्ज कानाच्या नळीतून बाहेर निघून जातो. कान झाकला, की तो आत कोंडतो. दोन्ही कानांत बोटे घालून ‘सा’ लावून पाहा, लगेच समजेल. म्हणून अनुभवी गायक रेकॉर्डिंग करताना एका कानावर कप ठेवतात आणि दुसरा कानामागे सरकवतात. फक्त एक दक्षता घ्या : सरकवलेल्या कपातून तानपुरा बाहेर येऊन माइकमध्ये शिरतो. त्यासाठी मोबाइलच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये डावी-उजवी बाजू कमी-जास्त करण्याची सोय असते. त्या सोयीने सगळा आवाज झाकलेल्या कानाकडे न्यावा. बंद हेडफोनचे काम येथेच आहे. मागून उघड्या असलेल्या हेडफोनवर तानपुरा लावून गायलात, तर तो तुमच्या आवाजाबरोबर रेकॉर्ड होईल आणि नंतर कोणत्याही उपायाने वेगळा काढता येणार नाही.

तुमच्या मोबाइलला गोल पिनेची जागा नसेल, तर टाइप-सीचा जोड घ्यावा लागेल. हे जोड दोन प्रकारचे असतात. काहींत आकड्यांतून पुन्हा आवाज तयार करणारे छोटे इलेक्ट्रॉनिक मंडल असते आणि ते बहुतेक फोनवर चालतात. काही नुसत्या तारा जोडून देतात आणि मोजक्याच फोनवर चालतात. दुकानात आपल्याच फोनला लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका. गुरुजींच्या म्हणण्याबद्दल सांगायचे, तर रियाजाला हेडफोन नको हे त्यांचे म्हणणे मला पटते. रेकॉर्डिंगपुरता तो असू द्या.

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. माझ्या हेडफोनला विचित्र रोग जडला आहे. अलीकडच्या गाण्यांतले वाद्यवृंद ऐकू येतात, पण गायकाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा दूर जातो किंवा नाहीसाच होतो. त्याहून आश्चर्य म्हणजे, बालगंधर्वांच्या काळची जुनी नाट्यपदे लावली, तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर मात्र सगळे व्यवस्थित वाजते. नातू म्हणतो, हेडफोन फेकून द्या.
— एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : गुरुजी, आलेल्या सगळ्या पत्रांत मला आपले पत्र सर्वांत अधिक आवडले, कारण आपण नुसती तक्रार न करता निरीक्षण लिहिले आहे, आणि त्या निरीक्षणातच रोगाचे निदान आहे. आपल्या हेडफोनची सामाईक तार तुटली आहे. बाकी काहीही बिघडलेले नाही.

हेडफोनच्या पिनेकडे पाहा. तिच्यावर दोन काळ्या कड्या दिसतील आणि त्या कड्यांनी पिनेचे तीन भाग केले आहेत. टोकाचा भाग डाव्या कानाचा, मधला उजव्याचा, आणि वायरीकडचा भाग दोघांचा सामाईक. डाव्या पडद्यातून गेलेला प्रवाह आणि उजव्या पडद्यातून गेलेला प्रवाह, दोन्ही या सामाईक तारेने परत येतात. ही तार तुटली, की प्रवाहाला परतीचा रस्ता उरत नाही. मग तो एका पडद्यातून दुसऱ्या पडद्यात शिरतो. अशा वेळी पडद्यांपर्यंत पोचतो तो डाव्या आणि उजव्या आवाजांतला फक्त फरक. स्टीरिओ गाण्यात गायकाला बहुधा मधोमध ठेवलेले असते, म्हणजे त्याचा आवाज दोन्ही बाजूंना सारखाच असतो. सारख्यातून सारखे वजा होते आणि गायक नाहीसा होतो. व्हायोलिन, बासरी, कोरस हे डावी-उजवीकडे पसरलेले असल्यामुळे उरतात. जुनी नाट्यपदे एकाच कर्ण्यातून किंवा एकाच माइकवरून मुद्रित झालेली आहेत. त्यांत डावे-उजवे असा भेदच नाही, दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या आहेत. म्हणून तेथे वजाबाकीनंतर शून्य उरते, आणि खरखर तेवढी ऐकू येते.

वायर दुरुस्तीला देण्यापूर्वी एक साधी गोष्ट तपासा. मोबाइलला जाड कव्हर असेल, तर पिन पूर्ण आत जात नाही आणि सामाईक भाग टेकत नाही. तेव्हाही नेमके हेच लक्षण दिसते. कव्हर काढून पिन टक असा आवाज येईपर्यंत दाबावी. पिनेच्या छिद्रात खिशातला कापसासारखा कचरा दाबून बसला असेल, तर तो लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढावा. तरीही गायक परत आला नाही, तर पिनेजवळची वायर बोटांत धरून हळूहळू वाकवून पाहा. एखाद्या कोनात गायक क्षणभर येऊन गेला, तर तार तेथेच तुटलेली आहे.

दुरुस्तीचे काम लहान आहे, पण ते करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे. या वायरीतल्या तारा केसासारख्या बारीक असतात, त्यांच्याबरोबर मजबुतीसाठी दोरा गुंफलेला असतो आणि प्रत्येक तारेवर रंगीत लाखेचा थर असतो. लाल रंगाची उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्या कानाची, तांब्याच्या रंगाची सामाईक. लाख जाळल्याशिवाय डाग, म्हणजे कथिलाचा जोड, धरत नाही. वरवर डाग दिला, तर तो आज चालतो आणि चार दिवसांनी सुटतो, आणि ग्राहकाला वाटते की हेडफोनच टाकाऊ. मी तापलेल्या सोल्डरिंग आयर्नच्या, म्हणजे डाग देण्याच्या हत्याराच्या, टोकावर कथिलाचा थेंब धरून त्यात तारेचे टोक बुडवून ठेवतो. दोन-तीन सेकंदांत लाखेचा धूर निघतो, तारेवर चांदीसारखी चकाकी चढते, आणि मगच ती पिनेला जोडतो. एम. जी. रोडवर हे काम करणारे जाणकार कारागीर आहेत; नवी पिन लावताना आधी लाख जाळायला सांगावे आणि वायर पिनेतून बाहेर पडते तेथे रबराची नळी बसवून घ्यावी. नातवाला सांगा, फेकायची घाई नको.

प्रश्न : मी पंचवटी एक्सप्रेसचा पासधारक आहे. बंद हेडफोन घेतला, तर गाडीचा आवाज बंद होईल अशी अपेक्षा होती. माणसांची बडबड कमी झाली, पण चाकांचा घरघराट तसाच आहे, त्यामुळे आवाज खूप वाढवावा लागतो. मुंबईला उतरल्यावर कानात शिटी वाजते. हेडफोन हलका लागला का?
— एक नोकरदार, नाशिकरोड

उत्तर : कानात वाजणारी शिटी आधी, हेडफोन नंतर. उतरल्यावर कानात शिटी वाजणे ही कानाने दिलेली स्पष्ट सूचना आहे आणि ती रोज मिळत असेल, तर आठवडाभर हेडफोन बंद ठेवून कान-नाक-घसा तज्ज्ञांना भेटावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. आतल्या कानातल्या ज्या केसपेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या, की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सुचवलेली मर्यादा ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी आहे. आवाज दर ३ डेसिबलने वाढला, की वेळ निम्मा होतो : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. आपला प्रवास जाऊन-येऊन रोज सात तासांहून अधिक आहे, म्हणजे पाच दिवसांचे ३५ तास गाडीतच जातात. तेवढा वेळ ऐकायचे असेल, तर आवाज ८० च्या वर जाऊन चालणार नाही, आणि डब्यातला गोंगाट त्यावर मात करण्यासाठी आपल्याला वर ढकलत असतो. नाशिकरोडला, गाडी येण्याआधी, शांत कोपऱ्यात जेवढ्या आवाजावर शब्द नीट कळतात, तो आकडा पाहून ठेवावा आणि गाडीत त्याच्या वर एक-दोन घरेच जावे. ‘शेजाऱ्याला ऐकू येत नाही, म्हणजे आवाज बेताचा आहे’ ही समजूत बंद हेडफोनच्या बाबतीत धोक्याची आहे, कारण तो बाहेर आवाज सोडतच नाही.

घरघराट का राहतो, ते आता पाहू. बंद कप आणि कुशन बडबड, भांड्यांची खणखण, फेरीवाल्याची हाळी अशा वरच्या आवाजांना चांगले अडवतात, कारण त्या लहरी लहान असतात. चाकांचा, इंजिनाचा आणि पंख्यांचा घुमारा खर्जातला असतो. त्याच्या लहरी कित्येक मीटर लांब असतात आणि त्या हलक्या प्लास्टिकच्या कपाला सहज हलवून आत येतात. सेनहायझर कंपनीच्या एचडी २८० प्रो या बंद हेडफोनबद्दल कंपनी ३२ डेसिबलपर्यंत आवाज अडवल्याचे सांगते. हा आकडा जास्तीत जास्त किती याचा आहे, सगळ्या स्वरांना तो सारखा लागू होत नाही. घुमारा काढायचा असेल, तर उलट्या लहरी सोडून आवाज मारणारा नॉइज कॅन्सलिंग हेडफोन हवा, आणि आपल्या प्रवासासाठी त्यावर थोडे अधिक पैसे खर्च करणे मला योग्य वाटते. मात्र कसारा घाटात डुलकी लागली आणि कल्याणची उद्घोषणा ऐकू आली नाही, असे होऊ नये यासाठी तेथे एक कान मोकळा ठेवावा. फलाटावर आणि रूळांजवळ दोन्ही.

प्रश्न : मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची ध्वनिमुद्रित व्याख्याने रात्री ऐकते. एका खोलीत चौघे झोपतो. खोक्यावर ५० मिलिमीटरचा पडदा आणि २० ते २०,००० हर्ट्झ लिहिलेला हेडफोन घ्यावा का?
— एक विद्यार्थिनी, सातपूर

उत्तर : व्याख्यानासाठी या दोन्ही आकड्यांना महत्त्व देऊ नका. सेकंदाला २० ते २०,००० कंपने हा निरोगी तरुण कानाच्या ऐकण्याचा पल्ला आहे. त्या पल्ल्यात आवाज किती डेसिबलने कमी-जास्त होतो हे सोबत लिहिलेले नसेल, तर तो आकडा कोणत्याही खोक्यावर छापता येतो. पडद्याच्या मोठेपणाचेही तसेच. ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम२०एक्सचा पडदा ४० मिलिमीटरचा आहे, स्टुडिओंत १९९१ पासून चालत आलेल्या सोनीच्या एमडीआर-७५०६ चाही ४० मिलिमीटरचाच आहे. हेडफोन कानाभोवती बसतो की कानावर टेकतो, हे पाहणे अधिक गरजेचे आहे. सोनीचा एमडीआर-झेडएक्स११० फक्त १२० ग्रॅमचा आहे, पडदा ३० मिलिमीटरचा आणि तो कानावर टेकतो. तासभर ठीक, पण तीन तासांच्या अभ्यासात कानाची पाळी दुखू लागते. आपल्याला कानाभोवती बसणारा हवा, म्हणजे झोपलेल्यांना आवाज जाणार नाही आणि कानही दुखणार नाही. ओहमचा, म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडाही पाहा. १६ ते ५० च्या दरम्यान असेल, तर मोबाइलवर आवाज पुरेसा येतो. स्टुडिओसाठीचे २५० ओहमचे हेडफोन मोबाइलवर फार हळू वाजतात.

प्रश्न : ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स घेतला. आवाजाबद्दल समाधानी आहे. पण वायर तीन मीटर लांब आहे आणि ती काढता येत नाही. खुर्चीच्या चाकाखाली दोनदा आली. शिवाय डोके दाबले जाते. काय करावे?
— एक वाचक, इंदिरानगर

उत्तर : टेबलावर मिक्सरजवळ बसून काम करणाऱ्यांसाठी तो हेडफोन बनवला आहे, म्हणून त्याची वायर लांब आहे; याच मालिकेतल्या एम४०एक्सची वायर काढता येते, पण तो अधिक किमतीचा आहे. कापू नका. जास्तीची वायर हाताएवढ्या वेटोळ्यात सैलसर गुंडाळून वेल्क्रोच्या पट्टीने टेबलाच्या पायाला बांधा. करकचून आवळली, तर आतल्या तारा तेथेच तुटतात. कपाजवळची वायर कधीही ओढली जाणार नाही, एवढे सैल सोडा.

दाबासाठी पट्टी हाताने फाकवू नका, कारण प्लास्टिकचा सरकता भाग तेथेच तडकतो. डोक्याच्या रुंदीपेक्षा दोन बोटे अधिक रुंद होतील एवढी पुस्तके उभी रचून त्यांवर हेडफोन रात्रभर ठेवावा आणि सकाळी घालून पाहावा. पुरेसे वाटले नाही, तर पुन्हा एक रात्र. दाब इतकाच उरू द्यावा, की मान खाली घातल्यावर हेडफोन सरकणार नाही आणि कुशन सगळीकडून टेकलेले राहील. त्याहून सैल केला, तर गंगापूर रोडच्या वाचकांसारखा आपलाही डग्गा जाईल.